भूल उतरल्यावर

पावणेसात. या वेळेला जालना रोड मोकळा असतो. शेंद्र्याकडच्या कंपन्यांच्या बसगाड्या अजून क्रांती चौकात साचलेल्या नसतात, त्यामुळे गारखेड्यातून निघून दवाखान्यात पोहोचायला फार वेळ लागत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. लहान मुलांच्या ऑपरेशनचा आमचा वार ठरलेला असतो आणि त्या दिवशी सगळ्यांत आधी मला भूल द्यायची नसते, चौकशी करायची असते. लेकराच्या पोटात काय गेलंय? खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, पाणी दोन तास आधी. हे आदल्या संध्याकाळी आईला सांगितलेलं असतं, वडिलांना सांगितलेलं असतं, केसपेपरवर लिहिलेलं असतं. आजीला मात्र कुणीच सांगितलेलं नसतं.

आज फुलंब्रीकडच्या चार वर्षांच्या हर्नियावाल्याला आजीने पहाटे पाचला चहात बुडवून बिस्कीट दिलं. "एकच दिलं बाई. उपाशी लेकराला कापायचं व्हय?" भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून त्याचा नंबर पहिल्यावरून शेवटी गेला. आजी माझ्याशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.

साडेसातला वॉर्डात राउंड. काल रात्री अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला कन्नडकडचा अकरा वर्षांचा मुलगा खिडकीजवळच्या खाटेवर होता. केसपेपरवर रात्रपाळीची नोंद: पेशंट कम्फर्टेबल. आईनेही तेच सांगितलं, "रातभर गुमान पडून होता, अजिबात रडला नाही." मी त्याच्याकडे बघितलं. उजवा गुडघा दुमडलेला, नजर छताला, पांघरूण गळ्यापर्यंत.

"दुखायलंय का रे?"

"नाही."

"बरं, एकदा खोकून दाखव."

त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले, श्वास घेतला आणि खोकला नाही. माझ्याकडे बघत राहिला. पोटाचं ऑपरेशन झालेल्या मुलाला मी दुखतंय का हे विचारते ते रीत म्हणून. खरं उत्तर खोकल्यात मिळतं. जो खोकायला घाबरतो तो खोल श्वासही घेत नाही, मग छातीत कफ साठतो, ताप येतो आणि दोन दिवसांत घरी जाणारं पोरगं आठवडाभर राहतं. मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, नवी सुई टोचणार नाही, जे द्यायचं ते या सलाइनमधूनच. मग त्याने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि बोटं दाखवली. आठ. दहापैकी आठ.

रात्रभर आठ आणि नोंद कम्फर्टेबल. यात सिस्टरची चूक काढणं सोपं आहे. चाळीस खाटांमागे दोघी असतात आणि त्यांना जे लिहून दिलं होतं तेच त्यांनी केलं. लिहून काय दिलं होतं? पॅरासिटामॉल, एसओएस. म्हणजे गरज पडली तर. एसओएस लिहिलं की सिस्टर आईच्या तक्रारीची वाट बघते, आई पोराच्या रडण्याची वाट बघते, आणि पोरगं इंजेक्शनच्या धास्तीने रडत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि औषध कपाटात पडून राहतं. मी केसपेपरवरचं एसओएस खोडलं आणि दर सहा तासांनी असं लिहिलं: आठ, दोन, आठ, दोन. किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. आठचा डोस माझ्यासमोरच सुरू झाला.

बोलता न येणाऱ्या किंवा आकडे न कळणाऱ्या मुलांसाठी निराळी मोजपट्टी आहे. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. ती कागदावर फार छान दिसते. पण तिच्यातही रडण्याला गुण आहेत आणि गप्प पडून राहण्याला फारसे नाहीत, हे माझं तिच्याशी जुनं भांडण आहे.

नऊ ते एक ओटीत. इथे सांगण्यासारखं कमी, कारण सगळं नीट चाललं तर ओटीत काहीच घडत नाही. गेवराईहून आलेला सहा वर्षांचा मुलगा पहिला. लघवीची जागा जन्मतःच खालच्या बाजूला असल्याने त्याचं ऑपरेशन होतं. शाळेतल्या तपासणीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ते दिसलं आणि तिथून तो आमच्यापर्यंत पोहोचला. झोप लागल्यावर त्याला कुशीवर वळवलं आणि माकडहाडाच्या वरच्या फटीतून कॉडल ब्लॉक दिला: पाव टक्क्याचं ब्युपिव्हाकेन, किलोमागे एक मिलिलीटर. कमरेखालचा भाग चार ते सहा तास बधिर. सर्जन टाके घालत असतानाच माझ्या डोक्यातलं घड्याळ सुरू होतं. साडेनऊला दिलाय, म्हणजे दोन-तीनच्या सुमाराला उतरेल. त्याच्या आत पॅरासिटामॉल पोटात गेलेलं पाहिजे.

दुखणं सुरू झाल्यावर ते आवरायला जास्त औषध लागतं, त्याच्या आधी थोडक्यात भागतं. हे आज सगळ्यांना माहीत आहे, पण लहान बाळांना दुखतं हे मान्य होणं ही फार जुनी गोष्ट नाही. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या दवाखान्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं स्नायू सैल करणारं औषध देऊन, पण वेदनाशामक जवळजवळ न देता होत होती. समजूत अशी होती की एवढ्या लहान जिवाला दुखतच नाही, आणि दुखलं तरी ते त्याच्या लक्षात राहत नाही. ही समजूत मोडणाऱ्यांत इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद आघाडीवर होते. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची रसायनं कमी वाढतात आणि पुढची गुंतागुंतही कमी होते. त्यांचा निबंध १९८७ साली लॅन्सेटमध्ये आला. १९८७ म्हणजे आमचे बरेच सर्जन तेव्हा शाळेत होते.

दुसरी किराडपुऱ्यातली सात वर्षांची मुलगी, टॉन्सिलची. तिला कॉडलचा उपयोग नाही, घशाचं दुखणं औषधांवरच सांभाळावं लागतं. शेवटी बिस्कीटवाला. साडेबाराला त्याला ब्लॉक दिला, म्हणजे त्याचं घड्याळ संध्याकाळी सहाच्या पुढे वाजणार. ही वेळ मला आवडत नाही. का, ते पुढे येईलच.

दीड वाजता रिकव्हरीत टॉन्सिलवाली जागी झाली आणि तिने दोन्ही हातांनी सलाइन ओढायला सुरुवात केली. डोळे उघडे, पण आईला ओळखत नव्हती. भुलेतून बाहेर येताना काही मुलं अशी बिथरतात, दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. पण ती दहा मिनिटं आईने कशी काढायची? आईला आत घेतलं, उशाशी बसवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "डॉक्टरनी, पानी दे दूँ क्या इसकू?" घोट घोट द्या म्हटलं. डबा खाल्ला तेव्हा दोन वाजून गेले होते. त्याआधी वॉर्डात फोन करून दोन डोस गेल्याची खात्री करून घेतली, एक कन्नडचा, एक गेवराईचा.

साडेतीनला अॅक्युपंक्चरच्या मॅडम आल्या. त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे, आमच्याकडे त्या ठरलेल्या दिवशी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा निवासी डॉक्टर एकमेकांकडे बघून हसले होते, आणि खरं सांगायचं तर मीही फार गंभीर नव्हते. पण या शहराला हा विषय नवा नाही. डॉ. पी. बी. लोहिया यांनी इथे अनेक वर्षं अॅक्युपंक्चर शिकवलं, मराठवाड्यातले कितीतरी डॉक्टर त्यांच्याकडे शिकून गेले. महाराष्ट्राने तर अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, नोंदणीची परिषद नेमली. केंद्राने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली ती २०१९ मध्ये. मॅडमचं नोंदणी प्रमाणपत्र आमच्या कार्यालयात फाईलला आहे. त्याशिवाय सुया टोचणाऱ्या कुणालाही मी लेकरांच्या वॉर्डात सोडणार नाही.

हे शास्त्र भारतात आलं तेही एका मराठी माणसाच्या मागोमाग, असं म्हणता येईल. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे बिजयकुमार बसूही होते. कोटणीस सर्जन होते; ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच वारले. बसू परतले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्याची सुरुवात केली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी हे काम आपल्या मित्राच्या नावाने वाढवलं. म्हणून आज कोटणीसांचं नाव अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यांवर दिसतं आणि लोकांना वाटतं ते सुयाच टोचायचे.

अमेरिकेला याची गोडी लागली ती तर थेट ऑपरेशननंतरच्या दुखण्यातून. १९७१ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये होते, तिथे त्यांचं अपेंडिक्स काढलं. भूल नेहमीची, इंजेक्शनची. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा त्यांना कोपराला आणि गुडघ्याखाली सुया टोचल्या, आणि तासाभरात बरं वाटलं असं त्यांनी लिहिलं. सांगणाऱ्यांनी त्याचं पुढे 'सुया टोचून, भुलेशिवाय ऑपरेशन' करून टाकलं. अजूनही एखादे पालक मला विचारतात, "मॅडम, सुयांनीच भूल द्या ना, ते औषध नको."

मॅडमनी कन्नडच्या मुलाच्या आईला आधी सगळं समजावलं, सही घेतली. मग पाकीट फोडून एक सुई मुलाच्या तळहातावर ठेवली. पोरगं सकाळपासून पहिल्यांदा उठून बसल्यासारखं झालं. त्या सुईची जाडी एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, भरीव, आतून पोकळ नाही. सलाइनची सुई तिच्यापुढे कितीतरी जाड. एकदा वापरायची आणि टाकून द्यायची. मॅडमनी स्वतःच्याच हाताला, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, प्लॅस्टिकची नळी टेकवली, वरून टिचकी मारली आणि सुई आत. "आता तू सांग, मी रडले का?"

त्याचा डावा हात सलाइनला होता, म्हणून उजव्या हाताला तीच जागा. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये एक. दोन्ही गुडघ्यांखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला एकेक. पोटाजवळ एकही नाही. टिचकी बसताना त्याने डोळे मिटले, मग एकच उघडला. "टोचलं का?" "मुंग्या आल्यात." मॅडम खूश झाल्या, मुंग्या येणं, जड वाटणं, हेच त्यांना हवं असतं.

पंधरा मिनिटं सुया तशाच. शेजारच्या खाटेवरून गेवराईच्या मुलाची आजी उठून बघायला आली. "आमच्याकडं पूर्वी पोट फुगलं की लेकराला डाग द्यायचे. तसलंच हाय का हे?" मॅडम दचकल्या. डाग देऊन कातडी जळालेली बाळं मी पाहिली आहेत, त्यामुळे आजींना जरा जोरातच सांगितलं की आजी, ते पुन्हा कुठं करू देऊ नका. आजी म्हणाल्या, "आता कोण करतंय! ह्या सुयांनी गुण येतो का, ते सांगा."

गुण येतो का? सुया काढल्यावर कन्नडच्या मुलाला मी उशी पोटाशी धरायला लावली आणि म्हटलं, खोक. तो खोकला. बारीक, पण खोकला. आकडा विचारला तर चार बोटं. निवासी डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. दोन वाजता त्याला पॅरासिटामॉलचा दुसरा डोस मिळाला होता. सकाळपासून कुणीतरी त्याला दुखतंय हे मान्य केलं होतं. त्यात एक बाई पाऊण तास खाटेवर बसून त्याच्याशी शाळेच्या, क्रिकेटच्या गप्पा मारत होत्या, आणि आमच्या वॉर्डात एवढा वेळ दुसऱ्या कुणाकडेही नसतो. आठाचे चार झाले यातलं श्रेय कुणाच्या नावावर लिहायचं?

असा घोळ होऊ नये म्हणूनच चाचण्या करतात. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी टॉन्सिल काढलेल्या तीन ते बारा वर्षांच्या ५९ मुलांवर अशी एक चाचणी केली, ती २०१५ मध्ये छापून आली. सुया भुलेतच टोचल्या, काहींना टोचल्याचा नुसता देखावा. मुलांना कळलं नाही, पालकांनाही नाही. घरी गेल्यावर पालकांनी भरून दिलेल्या तक्त्यांत सुया टोचलेल्यांचं दुखणं कमी होतं, आणि ती लवकर खायला-प्यायला लागली. ५९ मुलं म्हणजे फार नव्हेत. पण मनगटावरच्या त्या जागेचं प्रकरण निराळं आहे. ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीवर तिचा उपयोग ५०हून अधिक चाचण्यांत, सात हजारांवर रुग्णांमध्ये तपासला गेलाय, आणि भूलतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती आता औषधांच्या बरोबरीने नमूद असते. तिथे सुईच हवी असंही नाही, अंगठ्याने दाबलं तरी चालतं.

तेव्हा माझं मत साधं आहे. उलटीसाठी मी ते मानते. दुखण्यासाठी औषधाच्या जोडीला चालवून घेते. औषधाच्या जागी म्हणून कुणी आणलं, तर दारातूनच परत पाठवते. प्लेटलेट कमी असलेल्या, रक्त न गोठणाऱ्या मुलांना तर सुई लावूच देत नाही. मॅडमचं आणि माझं यावर एकमत आहे. सुईने शरीरातलीच वेदनाशामकं कशी सुटतात हे त्यांना तासभर सांगता येतं, आणि अशा वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की सुयांचा परिणाम कमी होतो असं १९७० च्या दशकातल्या काही प्रयोगांत दिसलंही होतं. पण चर्चा लांबली की मी त्यांना चहाला नेते.

जाण्यापूर्वी त्यांनी टॉन्सिलवालीच्या आईला मनगटावरची जागा दाखवली. स्वतःची तीन बोटं नको, मुलीची तीन बोटं मोजून. आईने जागा सापडल्यावर पेनाने टिंब काढून ठेवलं.

साडेसहा. भेटायला येणाऱ्यांची वेळ. फुलंब्रीच्या हर्नियावाल्याभोवती मामा, मामी, शेजारी, केळी, फुगा. पोरगं खाटेवर उभं राहून फुगा उडवत होतं. सिस्टर औषधाचा कप घेऊन आल्या, तर वडिलांनी हाताने थांबवलं. "खेळायलंय की चांगलं! दुखत नसताना औषध कशाला? किडनीवर येतं म्हणतात." मामांनीही मान डोलावली.

ही ती मला न आवडणारी वेळ. ब्लॉक जेमतेम टिकून असतो, पोरगं राजासारखं दिसत असतं, घरचे सगळे खूश असतात, आणि तासाभरात पाहुणे एसटीला लागले की कमरेखालची जाणीव परत येते. वडिलांना मी एवढंच विचारलं की पाठीतलं इंजेक्शन उतरल्यावर रात्री नऊला ह्याला सांभाळायला मामा थांबणार आहेत का? मामा हसले. वडिलांनी कप घेतला. किडनीचं उत्तरही दिलं: वजनाच्या हिशेबात, ठरलेल्या वेळेला, दोन-तीन दिवस दिलेल्या पॅरासिटामॉलने धडधाकट मुलाच्या किडनीला काही होत नाही. धोका असतो तो तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांतून तेच औषध तिप्पट जातं तेव्हा, आणि तेव्हा आधी यकृत बिघडतं. सकाळच्या रागावलेल्या आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाई म्हणतेत तर पाजा की."

सातला टॉन्सिलवालीच्या आईशी बोलणं. यांना मी जास्त वेळ देते, कारण ही मुलगी उद्या घरी जाणार आणि तिचं दुखणं कमी व्हायला आठ-दहा दिवस लागणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढेल. बरं होतंय म्हणून औषध थांबवाल आणि नेमकी तेव्हाच ती गिळणं सोडेल. शिवाय, घरात मोठ्यांसाठी आणलेलं कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेलं कुठलंही औषध, खोकल्याचंसुद्धा, हिला नाही म्हणजे नाही. काही मुलांचं यकृत कोडीनचं मॉर्फिन इतकं भराभर करतं की झोपेत श्वास थांबतो. टॉन्सिलनंतर अशी मुलं दगावली तेव्हा अमेरिकेने २०१३ मध्ये आधी इशारा छापला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते वर्ज्यच केलं. आईने मोबाइलमध्ये दोन्ही नावं रेकॉर्ड करून घेतली. शोरबा चालेल का, विचारलं. कोमट करून, मिरची न घालता चालेल.

आठला कन्नडचा डोस गेला, तो आईचा हात धरून संडासापर्यंत चालत जाऊन आला. सरकारी आरोग्य योजनेच्या कागदावर एक सही राहिली होती म्हणून आरोग्यमित्र खाली थांबला होता, ती करून निघाले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, टॉन्सिलवालीला उलटी झाली. दोनदा."

"रंग?"

"काळपट. लाल नाही."

"सारखी गिळतेय का झोपेत? नाडी?"

"गिळत नाही. नाडी ९६. घसा बॅटरीने बघितला, ताजं रक्त नाही. आई मनगट दाबत बसलीय मघापासून."

गिळलेलं जुनं रक्त असं बाहेर येतं. तरी अर्ध्या तासाने पुन्हा घसा बघा म्हटलं, लाल दिसलं तर सर्जनला आणि मला लगेच फोन. "मनगट दाबू द्या. आणि ऑन्डॅनसेट्रॉन द्या सलाइनमधून, लिहून ठेवलंय."

"आणि गेवराईवाल्याचा दोनचा डोस, मॅडम? सलाइन काढलंय त्याचं, तोंडानेच द्यावा लागेल. तेव्हा झोपलेला असेल. उठवू?"

"उठवा."

"आजी ओरडतील."

"माझं नाव सांगा."